कॉफी उकळू नका: मुक्कामाच्या ठिकाणी चांगली कॉफी कशी करावी

चहा उकळतात, कॉफी उकळत नाहीत. टेंट टाकून राहायला गेल्यावर कॉफी बिघडते ती दहातल्या आठ वेळा एवढ्याच कारणानं. आपल्या हाताला सवय चहाची. आधण ठेवलं, साखर टाकली, पत्ती टाकली, आलं ठेचून घातलं, दूध ओतलं, दोन उकळ्या येऊ दिल्या, गाळलं. चहाची पत्ती हे सगळं सोसते, उलट आपल्या पद्धतीच्या चहाला उकळीच लागते. कॉफीच्या पुडीचं तसं नाही. तिच्यात जे चांगलं आहे, म्हणजे वास, गोडसर चव, जिभेवर रेंगाळणारी थोडीशी आंबट झाक, ते पहिल्या तीन-चार मिनिटांत पाण्यात उतरतं. त्यानंतरही खालचा जाळ चालू राहिला तर वास वाफेबरोबर निघून जातो आणि पुढं उतरतो तो फक्त कडवटपणा. मग तो झाकायला साखर, साखर जास्त झाली म्हणून दूध, आणि शेवटी कपात कॉफी सोडून बाकी सगळं असतं.

मी माटुंग्याला वाढले. आमच्या मजल्यावर एकाच गॅलरीत मराठी आणि तमिळ बिऱ्हाडं. आमच्याकडे कॉफी व्हायची ती उपासाला, नाहीतर पाहुणे आले की. भरपूर दूध, साखर, वेलदोडा आणि वरून किसलेलं जायफळ. शेजारच्या पाटींकडे (तमिळमध्ये पाटी म्हणजे आजी) ती रोज पहाटे व्हायची आणि तिचा वास गॅलरीभर फिरायचा. पाटी पितळी फिल्टरमध्ये पूड भरायच्या, वरून गरम पाणी सोडायच्या आणि बाजूला ठेवून पूजेला बसायच्या. मी लहानपणी विचारलं होतं, गॅसवर का नाही ठेवत? त्या म्हणाल्या, उकळी दुधाला, डिकॉक्शनला नाही. डिकॉक्शन म्हणजे फिल्टरमधून खाली उतरलेला कॉफीचा दाट अर्क. आज मी चुलीवर, गॅसच्या कॅनवर, दगडावर, कुठेही कॉफी केली तरी तोच नियम पाळते, आणि आईचं जायफळही सोडलेलं नाही.

लग्नानंतर नाशिकला आले. आता दरवर्षी नोव्हेंबर ते फेब्रुवारी आम्ही चार-पाच जण दोन-तीनदा तरी घोटीमार्गे भंडारदऱ्याला जातो. जेमतेम सत्तर किलोमीटर. प्रवरेवरचं हे धरण १९२६ साली पूर्ण झालं आणि त्याच्या पाण्याच्या काठानं गावातले लोक आता आपापल्या शेतात टेंट लावू देतात. आम्ही ज्या मावशींच्या शेतात उतरतो, तिथून पहाटे समोर पाण्यावर धुकं आणि मागं कळसूबाईची रांग दिसते. डिसेंबरात सकाळी पारा आठ-नऊ अंशांवर असतो. या थंडीत हातात धरायला गरम कप हवा असतो, आणि तो कप चांगला असावा यासाठी काय करायचं ते इथं लिहिते आहे.

सुरुवात घरीच करायची असते, पुडीपासून. दुकानात 'फिल्टरसाठी' म्हणून जी पूड दळून देतात ती बारीक असते, बारीक रव्यासारखी. स्टीलच्या फिल्टरला ती बरोबर. पण पातेल्यात करायची असेल तर ती तळाला नीट बसत नाही आणि शेवटच्या घोटापर्यंत दातांत येते. पातेल्यासाठी जाडी दळून घ्या. लाडवाचा जाडा रवा बोटांत धरल्यावर जसा लागतो, तेवढी. दुकानदाराला 'जाडा रवा' म्हटलं की लगेच कळतं. निघायच्या आदल्या दिवशी, फार तर दोन-तीन दिवस आधी दळून घ्या. बिया महिनाभर वास धरून ठेवतात, पुडीचा वास आठवड्यात निम्म्यावर येतो.

चिकोरीबद्दल लोक उगीच नाक मुरडतात. ती एका झाडाच्या मुळाची भाजलेली पूड आहे, कॉफीला रंग आणि दाटपणा देते, आणि दुधाच्या कॉफीत ती मला आवडते. फक्त प्रमाण बघून घ्या. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे कॉफी-चिकोरीच्या मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के असावी लागते आणि ते प्रमाण पाकिटावर छापावं लागतं. स्वस्त पाकीट उलटं करून बघा, बऱ्याचदा ५३ आणि ४७ असं काहीतरी असतं. फिल्टरमध्ये मी ८०-२० वापरते. पातेल्यातल्या कॉफीला मात्र चिकोरी अजिबात नको, कारण ती पाण्यात विरघळून पाणी गढूळ करते आणि पूड खाली बसायला वेळ लावते. पाटी ज्या दुकानातून घ्यायच्या तिथं मिळायची ती 'पीबेरी' (एका फळात एकच गोल बी) आणि 'प्लांटेशन ए' (मोठ्या बियांची प्रत) अर्धी-अर्धी मिसळून, मध्यम भाजलेली. तीच मी अजूनही घेते. दूध जास्त घालणाऱ्यांनी थोडी रोबस्टा, म्हणजे कॉफीची कडक चवीची जात, मिसळून घ्यावी, ती दुधात हरवत नाही.

पूड स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डबीत न्यायची. प्लॅस्टिकच्या ज्या डब्यात कधी मसाला होता त्यात चुकूनही नाही. आणि घरीच मोजून न्यायची. मी एकदा किराणावाल्याच्या काट्यावर मोजून बघितलं, माझ्या पोह्याच्या चमच्यात शिगोशीग भरून ५ ग्रॅम पूड मावते. तेव्हापासून तोच चमचा सॅकमध्ये असतो. तुमचा चमचा वेगळा असेल, एकदा मोजून ठेवा. पहाटे अंधारात, थंडीनं बोटं आखडलेली असताना अंदाज चुकतो आणि अंदाज नेहमी कमी पुडीकडे चुकतो. मग पूड कमी पडली म्हणून माणूस ती जास्त वेळ उकळत ठेवतो. कडूपणा असा येतो.

प्रमाण सांगते. चार जणांना बिनदुधाची कॉफी, प्रत्येकी २०० मिली हवी असेल तर पाणी ९०० मिली आणि पूड ५५ ग्रॅम, म्हणजे माझे अकरा चमचे. शंभर मिली पाणी जास्त का? पूड आपल्या वजनाच्या दुप्पट पाणी स्वतःत धरून ठेवते, ते परत मिळत नाही. दूध घालायचं असेल तर ६०० मिली पाण्यात ६० ग्रॅम पूड, आणि गाळल्यावर वरून ३०० ते ३५० मिली गरम दूध. पाण्याच्या एक लिटरच्या बाटलीवर मी पर्मनंट मार्करनं ६०० आणि ९०० च्या रेघा मारून ठेवल्या आहेत.

पाणी घरचंच न्यावं असं माझं मत. जलाशयाचं पाणी दिसायला नितळ असलं तरी ते फडक्यानं गाळून एक मिनिट खळखळून उकळल्याशिवाय पिऊ नये, आणि त्याला मातीचा हलका वास असतो तो कॉफीत येतो. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास असेल तर आदल्या रात्री कळशीत उघडं ठेवून मग बाटल्या भरा.

आता जाळ. इथं जरा थांबून लिहिते, कारण घोळ होतो तो इथंच.

आम्ही गॅसच्या छोट्या कॅनवर करतो. कॅन आडवा बसवायची चपटी शेगडी किंवा कॅनच्या डोक्यावर आट्यांनी बसणारा बर्नर, दोन्ही चालतं. पण स्वस्त कॅनमध्ये नुसता ब्युटेन असतो आणि ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायू व्हायचंच थांबवतो. भंडारदऱ्याला शून्य होत नाही, पण आठ अंशांवरही कॅनमधला दाब पडतो, आणि गॅस बाहेर येताना कॅन आणखी गार होत जातो. पहिल्या वर्षी माझं हेच झालं. रात्री कॅन बाहेर गवतावर राहिला होता, सकाळी दवानं ओला. ज्योत सुरुवातीला बरी होती, पाच मिनिटांत करंगळीएवढी झाली आणि पाणी कोमटच्या पुढं जाईना. तशा पाण्यात मी पूड टाकली. कॉफी आंबट, पातळ, वरती पूड तरंगतेय. सगळ्यांनी ती मुकाट्यानं प्यायली, आणि मला फार वाईट वाटलं, कारण त्यातल्या दोघी पहिल्यांदाच आल्या होत्या. आता कॅन रात्री स्लीपिंग बॅगमध्ये पायाशी असतो, बर्नरपासून सोडवलेला. सकाळी मंदावला तर दोन्ही हातांत धरून ऊब द्यायची, किंवा ताटलीत कोमट पाणी घेऊन त्यात उभा करायचा. जाळाजवळ नेऊन शेकायचा नाही, कधीच नाही. लडाख-हिमाचलकडे जाणार असाल तर आयसोब्युटेन-प्रोपेन मिश्रणाचा कॅन तिथंच पोचल्यावर विकत घ्या. विमानात आणि रेल्वेत असा कॅन नेता येत नाही.

वाऱ्याला आडोसा हवा, पण कॅनभोवती पत्रा गुंडाळायचा नाही. उष्णता कोंडून कॅन तापतो आणि फुटू शकतो. वाऱ्याच्या बाजूला सॅक, दगड किंवा पत्र्याचा आडोसा हातभर अंतरावर ठेवायचा, बाकीच्या बाजू मोकळ्या. आणि टेंटमध्ये शेगडी पेटवायची नाही, बाहेर कितीही गारठा असो. टेंटचं कापड काही क्षणांत पेटतं. नाही पेटलं तरी आत कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो, माणसाला कळतही नाही.

चूल करायची असेल तर जागा कुणाची आहे ते आधी बघा. कळसूबाई-हरिश्चंद्रगड हे अभयारण्य आहे, तिथल्या जंगलात जाळ करायचा नाही, आणि डिसेंबरातलं वाळलेलं गवत बघितलं की तो नियम कशासाठी आहे ते समजतं. मावशींच्या खळ्यात त्यांच्या परवानगीनं, त्यांच्याच चुलीवर करतो तेव्हा दोन गोष्टी पाळते. पातेल्याला बाहेरून मातीचा ओला हात फिरवायचा, म्हणजे काजळी धरत नाही आणि नंतर घासायला सोपं. आणि ज्वाळेवर नाही, निखाऱ्यांवर पाणी तापवायचं, झाकण घट्ट लावून. धूर पाण्यात उतरतो आणि मग कितीही चांगली पूड असली तरी धुराचीच चव लागते.

पातेल्यातली कॉफी माझ्या मते मुक्कामाला सगळ्यात योग्य. यंत्र नाही, कागदाचे फिल्टर नाहीत, चार-सहा माणसांची एकदम होते. ती अशी.

पाण्याला खळखळून उकळी येऊ द्या आणि पातेलं जाळावरून खाली उतरवून सपाट दगडावर ठेवा. शेगडी बंद करा. बंदच करा, बारीक ठेवू नका, नाहीतर हात आपोआप पातेलं परत वर ठेवतो. आता थोडं थांबायचं, पण किती ते तुम्ही किती उंचीवर आहात त्यावर आहे. समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांवर उकळतं, आणि दर ३०० मीटर वर गेलं की साधारण एक अंश आधी. कॉफीला पाणी हवं ९२ ते ९६ अंश. भंडारदऱ्याचा काठ साधारण साडेसातशे मीटरवर, तिथं उकळी साडेसत्त्याण्णवला येते, म्हणून अर्धं मिनिट थांबायचं. अलिबागच्या किनाऱ्यावर असाल तर मिनिटभर. कळसूबाईचा माथा १६४६ मीटर, तिथं उकळतं पाणीच साडेचौऱ्याण्णव अंशांचं असतं, उतरवलं की लगेच पूड टाकायची. लेहला साडेतीन हजार मीटरवर पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं, त्याहून गरम होतच नाही, तिथं पूड थोडी बारीक घ्यायची आणि चारऐवजी सहा मिनिटं ठेवायची. हे मला कळलं तेव्हा फार आनंद झाला होता. सह्याद्रीचा माथा हा कॉफीसाठीच घडवल्यासारखा आहे, उकळतं पाणी तिथं आपोआप हव्या त्याच तापमानाचं मिळतं.

पूड पाण्यावर सगळीकडे पसरून टाका, एका जागी ढीग नको. ढवळू नका अजून. पूड ताजी असेल तर ती वर फुगून येते, फेसाचे बारीक बुडबुडे फुटत राहतात, आणि भिजलेल्या तपकिरी थराला मधूनच भेगा पडून खालून गडद पाणी दिसतं. भाजताना बियांमध्ये कोंडलेला वायू बाहेर पडतोय. हेडटॉर्चच्या उजेडात हे बघत बसायला मला फार आवडतं, आणि वासही सगळ्यात जास्त याच मिनिटात येतो. झोपलेली माणसं या वासानं उठतात, हाक मारावी लागत नाही. पूड फुगलीच नाही, नुसती ओली होऊन बसली, तर ती शिळी आहे. पुढच्या वेळी ताजी घ्या, या वेळी एक चमचा जास्त टाका.

मिनिटभरानं लांब चमच्यानं तीन-चारदा तळापासून ढवळा आणि झाकण ठेवा. गारठा असेल तर पातेल्याभोवती टॉवेल गुंडाळा, नाहीतर पाणी पटकन निवतं. आता चार मिनिटं हात लावायचा नाही. मी तेवढ्यात स्लीपिंग बॅग गुंडाळून, बांधून ठेवते. एकदा सवय झाली की घड्याळ बघावं लागत नाही, बॅग बांधून झाली की कॉफी झाली.

झाकण काढलं की वर पुडीची साय धरलेली दिसेल. चमच्याच्या पाठीनं ती हलकेच मोडा, एकदा, दोनदा. बरीचशी पूड लगेच खाली जायला लागते. दोन चमचे गार पाणी कडेकडेनं शिंपडा आणि आणखी दोन मिनिटं थांबा. आता पातेलं उचलून हलवायचं नाही. पळीनं वरच्या वर काढून कपांत ओता. मी कपावर मलमलचं दुहेरी फडकं धरते, ते आधी गरम पाण्यातून काढून पिळलेलं असतं. कोऱ्या फडक्याला खळीचा वास असतो, म्हणून नवं फडकं घरी दोनदा उकळून घ्या, आणि साबणानं कधी धुवू नका. कॉफी गाळल्यावर फडकं पिळायचं नाही. पिळून निघतो तो चमचाभर रस सगळ्यात कडू असतो. आणि पातेल्यातला शेवटचा अर्धा कप सोडून द्यायचा. त्याचा मोह होतो, मलाही होतो, पण तो गाळ आहे.

सगळी कॉफी एकदम काढून घ्या. पातेल्यात ठेवली तर ती उतरत राहते, दहा मिनिटांनी कडू होते. उशिरा उठणाऱ्यांसाठी थर्मासमध्ये काढून ठेवा, थर्मास आधी गरम पाण्यानं विसळून.

दोघं-तिघंच असाल आणि दुधाचीच कॉफी हवी असेल तर स्टीलचा छोटा फिल्टर न्या. त्याचं सगळं काम रात्री जेवणं झाल्यावर होतं. वरच्या भांड्यात २५ ग्रॅम बारीक पूड, दांडीच्या चकतीनं ती फक्त सपाट करायची, दाबायची नाही. दाबली की पाणी अडकतं आणि मग लोक फिल्टरवर थपडा मारत बसतात. उकळून थोडं थांबवलेलं पाणी चमचाभर टाकून पूड आधी भिजवा, अर्ध्या मिनिटानं बाकीचं, एकूण १५० मिली, चकतीवरून हळू ओता. झाकण लावा आणि खाली सपाट दगड आहे ना हे बघून तसाच ठेवा. सकाळी खालच्या भांड्यात शंभर मिलीच्या आसपास दाट, काळं डिकॉक्शन जमलेलं असतं. ते तापवण्यासाठी गॅसवर ठेवायचं नाही. ते भांडं गरम पाण्याच्या ताटलीत उभं करा, नाहीतर गारच वापरा आणि दूध कडक गरम घाला. तीन कपांना वाटून प्रत्येकी शंभर-सव्वाशे मिली दूध. एका पेल्यातून दुसऱ्या पेल्यात दोन-तीनदा उंचावरून ओतलं की फेस येतो. पाटी हे हातभर उंचीवरून करायच्या आणि थेंब सांडायचा नाही. मला अजून वीतभरच जमतं.

दूध मावशींकडून घेतो, म्हशीचं, सकाळचं धारोष्ण. ते वेगळ्या भांड्यात उकळायचं, कॉफीत नाही. गाव जवळ नसेल तर २०० मिलीचे टेट्रा पॅक बरे पडतात, उघडेपर्यंत टिकतात. पिशवीचं दूध न्यायचं तर फ्रीझरमध्ये दगडासारखं गोठवून, चार पदरी वर्तमानपत्रात गुंडाळून, कपड्यांच्या मध्ये ठेवायचं. डिसेंबरात दुसऱ्या सकाळपर्यंत छान राहतं, मे महिन्यात हा प्रयोग करू नका. दुधाची पावडर असेल तर ती उकळत्या पाण्यात टाकू नका, गुठळ्या होतात. आधी कोमट पाण्यात सरसरीत कालवायची, मग गरम पाणी. अर्ध्या लिटरला ६०-६५ ग्रॅम.

मावशींनी पहिल्यांदा माझं पातेलं बघितलं तेव्हा विचारलं होतं, "ताई, ह्यो कसला काढा करताय वो?" मी म्हटलं, कॉफी आहे, घ्या ना थोडी. त्यांनी दूध घालून घेतली, आणि साखरेऐवजी घरातून गुळाचा खडा आणून टाकला. मी घाबरले, दूध फाटणार म्हणून. फाटलं नाही, कारण उकळी नव्हती, दूध प्यायच्या बेताचं निवलं होतं. तेव्हापासून गुळाची कॉफी मी स्वतःही करते. गूळ कपात टाकायचा, शेगडीवरच्या दुधात नाही. काळा, रसायन न घातलेला गूळ जास्त चांगला लागतो, आणि दुधाशिवायच्या कॉफीत तर फारच.

आणि जायफळ. अख्खं न्या, पूड नाही. किसलेल्या जायफळाचा वास घरून निघून तळ्यावर पोचेपर्यंत उडालेला असतो. चार कपांना किसणीवर चार-पाच वेळा घासलं की पुरे, तेही उकळत्या दुधात, गाळायच्या आधी. किसणी विसरली तर चाकूच्या धारेनं खरवडा. याहून जास्त घातलं तर तोंडात कडवट, औषधी चव राहते. बिनदुधाच्या कॉफीत मी जायफळ घालत नाही, तिथं एखादा वेलदोडा पातेल्यात पुडीबरोबर ठेचून टाकते. काही जण हा कॉफीवर अन्याय आहे म्हणतात. ज्या घरात उपासाची कॉफी जायफळाशिवाय झाली नाही तिथल्या माणसाला थंडीत हाच वास हवा असतो, आणि मी तो खुशाल देते.

बाकीच्या साधनांबद्दल थोडक्यात. एरोप्रेस, म्हणजे दट्ट्या दाबून कॉफी काढायची प्लॅस्टिकची नळी, हलकं आहे, कॉफी उत्तम होते, धुवायलाही सोपं, पण एका वेळी एकच कप, आणि सहा जणांचा तांडा असेल तर शेवटच्याला मिळेपर्यंत पहिल्याची संपलेली असते. एकट्यानं फिरणाऱ्यानं जरूर घ्यावं. मोका पॉट, म्हणजे वाफेच्या दाबानं कॉफी वर चढवणारं भांडं, जड, आणि छोट्या बर्नरच्या तीन दांड्यांवर तो डगमगतो, त्यासाठी जाळी बरोबर हवी. कागदाच्या फिल्टरवर वरून पाणी सोडायची पद्धत वाऱ्यात मला जमलेली नाही, पाणी कपात पोचेपर्यंत गार होतं. भर पावसात, रतनगडाच्या गुहेत ओल्या कपड्यांनी बसून असताना इन्स्टंटची पुडी फोडावी, त्यात कमीपणा काही नाही. फक्त तीही उकळत्या पाण्यात नाही, आधी चमचाभर गार पाण्यात विरघळवून मग गरम पाणी ओतायचं. चव नक्की सुधारते.

आता चोथा. भिजलेली पूड तळ्यात टाकायची नाही, टेंटच्या मागं झुडपातही नाही. ती लवकर कुजत नाही, आणि पुढच्या शनिवारी तिथं येणाऱ्याला दुसऱ्याचा काळा ढीग बघावा लागतो. मी पातेलं तिरकं करून चोथा फडक्यावर काढते, पाणी निथळू देते, मग दुधाच्या रिकाम्या पिशवीत भरून तोंड रबरानं बांधते. पातेलं आणि कप पाण्याच्या काठावर घासायचे नाहीत. बाटलीत पाणी घेऊन काठापासून साठ-सत्तर पावलं आत यायचं, चुलीची राख असेल तर तिनंच घासायचं, साबण लागत नाही. फडकं फक्त पाण्यातून खळबळून टेंटच्या दोरीवर टाकायचं. नऊ वाजता ऊन वर आलं की अर्ध्या तासात वाळतं.

घरी आलं की तो चोथा त्याच दिवशी पिशवीतून काढून वर्तमानपत्रावर पातळ पसरावा, नाहीतर दोन दिवसांत बुरशी धरतो. वाळला की गच्चीतल्या गुलाबांना, कुंडीमागे एक चमचा, मातीत मिसळून. आणि पोह्याचा चमचा, किसणी, उरलेलं जायफळ आणि धुतलेलं फडकं हे सगळं पुसून डबीतच परत ठेवायचं, म्हणजे पुढच्या वेळी फक्त ताजी पूड भरून आणायची बाकी राहते.